प्रीमियरचा प्रोजेक्ट लॉक झालाय किंवा डॅमेज दाखवतोय? आधी हे बघा, मग डोक्याला हात लावा

रात्री अकरानंतर फोन वाजला की हल्ली मी नाव न बघताच विचारतो, "लॉक दाखवतोय का डॅमेज?" लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करून मला बरीच वर्षं झाली, आणि तुळशीचं लग्न उरकून सीझन सुरू झाला की हा फोन कुणा ना कुणाचा येतोच. समोरचा रडकुंडीला आलेला असतो, परवा डिलिव्हरी असते, पार्टीने अर्धे पैसे आधीच दिलेले असतात आणि तोवर त्याने घाबरून चार उलटसुलट गोष्टी करूनही झालेल्या असतात. दर वेळी फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. सगळं प्रीमियर प्रो, म्हणजे अडोबीचं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर, धरून लिहिलंय कारण मी त्यावरच बसतो, रिझॉल्व्ह आणि एडियस या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरचं शेवटाकडे थोडं आहे.

आधी दुखणं नक्की कुठलं ते ओळखा. "करप्ट झालं" या दोन शब्दांत लोक सात वेगवेगळी दुखणी कोंबतात:

– प्रोजेक्ट उघडतो, टाइमलाइन दिसते, पण काही हलत नाही, सेव्ह होत नाही.
– उघडतानाच "प्रोजेक्ट डॅमेज झालेला दिसतोय" अशा अर्थाचा मेसेज येतो.
– लोडिंगची पट्टी दर वेळी एकाच ठिकाणी अडकते नाहीतर तिथंच सॉफ्टवेअर बंद पडतं.
– "नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेला आहे, या व्हर्जनमध्ये उघडणार नाही" म्हणतो.
– उघडतो पण सगळीकडे लाल, मीडिया ऑफलाइन.
– उघडतो, चालतो, पण काल केलेलं काम गायब.
– फाईलची साइज शून्य केबी.

यातलं मीडिया ऑफलाइन म्हणजे करप्ट नव्हेच. ड्राइव्हचं अक्षर ई चं एफ झालं किंवा कुणीतरी फोल्डरचं नाव बदललं एवढंच, लिंक मीडियात जाऊन एक क्लिप शोधून दिली की बाकीच्या आपोआप सापडतात. आणि "काल केलेलं गायब" यात बऱ्याचदा असं असतं की जुन्या व्हर्जनचा प्रोजेक्ट नव्या प्रीमियरमध्ये उघडला की तो नावापुढे अंडरस्कोर आणि १ लावून नवी फाईल बनवतो, तुम्ही दिवसभर त्या नव्यात काम करता आणि दुसऱ्या दिवशी सवयीने जुनी उघडता. काम जागेवरच असतं, तुम्ही दुसऱ्याच दारात उभे असता.

आता पहिली गोष्ट, आणि ही चुकवली तर पुढचं काही कामाचं नाही. त्या फाईलवर काहीही सेव्ह करू नका. प्रीमियर बंद करा, प्रोजेक्ट फाईल आणि शेजारचं ऑटो-सेव्हचं फोल्डर दोन्ही कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि जे काय प्रयोग करायचेत ते कॉपीवर करा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. अर्धवट उघडलेला प्रोजेक्ट बघून "चला, निदान एवढं तरी आलं" म्हणत कंट्रोल एस दाबणारे मी पाहिलेत, आणि त्या एका कंट्रोल एसने शाबूत राहिलेला भाग पुसला गेलेला पण पाहिलाय.

कुलूप दिसत असेल तर

प्रोजेक्ट पॅनलच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटं कुलूप असतं. हिरवं म्हणजे लिहिता येतंय, लाल म्हणजे फक्त बघता येतंय. त्यावर क्लिक करा. बस्स. खरंच एवढंच असतं पुष्कळदा, माऊस चुकून तिथं पडलेला असतो. एकदा एका पोराला मी अर्धा तास फोनवर फाईलच्या परमिशन तपासायला लावल्या आणि शेवटी कळलं की त्याच्या टाइमलाइनमधल्या व्ही १ ट्रॅकचंच कुलूप लागलंय. ट्रॅकवर तिरप्या रेघा दिसत असतील तर तो ट्रॅक लॉक आहे, प्रोजेक्ट नाही. तेव्हापासून मी आधी स्क्रीनचा फोटो पाठव म्हणतो.

क्लिक करूनही लाल ते लालच राहिलं तर फोल्डरमध्ये जा आणि प्रोजेक्टच्याच नावाची पण डॉट पीआरलॉक अशी शेपटी असलेली फाईल आहे का बघा. प्रोजेक्ट लॉकिंग चालू असेल तर प्रीमियर ही फाईल बनवतो, म्हणजे एकाच वेळी दोन जणांनी एकच प्रोजेक्ट उघडून एकमेकांच्या कामावर पाणी फिरवू नये. प्रोजेक्ट नीट बंद झाला की ती आपोआप उडते, पण मध्येच लाईट गेली किंवा प्रीमियर क्रॅश झाला तर ती तशीच पडून राहते आणि पुढच्या वेळी प्रीमियरला वाटतं की कुणीतरी अजून आत बसलंय. आधी ऑफिसात दुसऱ्या मशीनवर खरंच कुणी उघडून बसलं नाही ना ते विचारा, विचारा म्हणजे खुर्चीतून उठून जाऊन बघा. मग टास्क मॅनेजर उघडून मागे प्रीमियर लपून चालू नाही ना ते बघा, असला तर बंद करा. मग ती पीआरलॉक डिलीट करा. घाबरू नका, त्यात तुमचं काही काम नसतं.

तरी सेव्ह होत नसेल तर फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, रीड-ओन्लीवर टिक आहे का. ड्राइव्हमध्ये जागा उरलीये का. गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या फोल्डरमध्येच प्रोजेक्ट ठेवलाय का, असेल तर सिंक थांबवून बघा. आणि मॅकवाल्यांनो, तुमचं तर हमखास हेच असतं: शूटवाल्याने हार्ड डिस्क विंडोजवर एनटीएफएस फॉरमॅट करून दिलेली असते. मॅक ती वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, म्हणून प्रोजेक्ट छान उघडतो आणि सेव्हला बोंब. प्रोजेक्ट फाईल उचलून मॅकच्या आतल्या डिस्कवर ठेवा, काम सुरू.

डॅमेज म्हणत असेल तर ऑटो-सेव्ह, पण नुसती तारीख बघू नका

प्रोजेक्ट फाईल जिथं आहे तिथंच "अडोबी प्रीमियर प्रो ऑटो-सेव्ह" नावाचं फोल्डर असतं. आतल्या प्रत्येक फाईलच्या नावात तारीख आणि वेळ असते. सगळे सगळ्यात नवी फाईल उघडतात, ती पण उघडत नाही किंवा अर्धीच उघडते, आणि मग हातपाय गाळून बसतात.

मी फोल्डर डिटेल्स व्ह्यूमध्ये लावतो आणि आधी साइजचा कॉलम बघतो. मागच्या सीझनला एकाच्या फोल्डरमध्ये ओळीने ३७ एमबी, ३८ एमबी, ३८ एमबी आणि मग एकदम २ एमबी, २ एमबी. झालं असं होतं की प्रोजेक्ट अर्धाच उघडलेला आणि हा गडी त्यातच काम करत राहिला, आणि ऑटो-सेव्ह बिचारं त्या अर्ध्याच प्रोजेक्टच्या कॉप्या इमानदारीत काढत राहिलं. साइज जिथं धाडकन पडली त्याच्या आधीची शेवटची फाईल घ्यायची. त्याचं ४० मिनिटांचं काम गेलं, बाकी हळदीपासून वरातीपर्यंत सगळं जागेवर. एक लक्षात ठेवा, वॉर्प स्टॅबिलायझर (हलणारा शॉट स्थिर करणारा इफेक्ट) लावला की त्याचा हिशोब प्रोजेक्ट फाईलमध्येच साठतो आणि फाईल फुगते, तेव्हा तो इफेक्ट तुम्ही स्वतः काढला असेल तर साइज पडणं साहजिक आहे.

चांगली सापडली की थेट त्या फोल्डरमध्ये उघडून काम सुरू करू नका. बाहेर कॉपी करा, नवीन नाव द्या, मग उघडा. ऑटो-सेव्हच्या फाईली ठराविक संख्येनंतर जुन्यात जुन्यापासून उडत जातात.

फोल्डर रिकामं असेल आणि प्रोजेक्ट गुगल ड्राइव्हवर सिंक होत असेल तर वेबसाइटवर जाऊन त्या फाईलचं मॅनेज व्हर्जन्स बघा, जुनी व्हर्जन्स ३० दिवस किंवा १०० व्हर्जनपर्यंत राहतात. मॅकवर टाइम मशीन, विंडोजवर प्रॉपर्टीजमध्ये प्रीव्हियस व्हर्जन्स. विंडोजचं ते बहुतेकांनी कधी चालूच केलेलं नसतं, पण बघायला काय जातंय.

नवीन प्रोजेक्टमध्ये जुना ओढून घ्या

ही माझी सगळ्यात लाडकी युक्ती. रिकामा नवा प्रोजेक्ट बनवा, मीडिया ब्राउझरमध्ये जाऊन बिघडलेल्या प्रोजेक्टवर डबल क्लिक करा, तो फोल्डरसारखा उघडतो आणि आतले सीक्वेन्स, म्हणजे एकेक टाइमलाइन, दिसतात. हवा तेवढा एकच सीक्वेन्स इम्पोर्ट करा. हे का चालतं, तर प्रोजेक्टमध्ये एखाददुसरा सीक्वेन्सच खराब असतो, पण अख्खा प्रोजेक्ट उघडताना त्या एकापायी सगळं आडवं होतं. वेगवेगळे ओढले की खराब कुठला ते कळतं, तेवढा सोडा. लोक नेमका हायलाइटचाच (निवडक क्षणांच्या छोट्या व्हिडिओचा) सीक्वेन्स आधी ओढतात कारण जीव त्यात अडकलेला असतो, पण त्यात सगळ्यात जास्त प्लगइन आणि टायटल असतात. आधी साधा ट्रॅडिशनलचा, म्हणजे अख्ख्या लग्नाच्या लांब व्हिडिओचा, ओढा, तो आला तर धीर येतो.

एकाच ठिकाणी अडकत असेल तर प्रोजेक्टला उपाशी ठेवा

पट्टी दर वेळी तिथंच अडकते म्हणजे प्रोजेक्ट ठीक असून एखादी क्लिप, फॉन्ट किंवा प्लगइन त्याच्या घशात अडकलंय असं समजा. फुटेजची हार्ड डिस्क काढून ठेवा, किंवा फुटेजच्या फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला, आणि मग प्रोजेक्ट उघडा. सगळं ऑफलाइन म्हणू दे. उघडला, तर प्रोजेक्टचं काही बिघडलेलं नाही. आता एक एक फोल्डर लिंक करत जा, हळदीचा लिंक केला ठीक, साखरपुड्याचा ठीक, ड्रोनचा केला आणि मेला, की चोर सापडला. माझ्याकडे असं झालं तेव्हा चोर निघाली एक एमपी ४ क्लिप, कॅमेऱ्याची बॅटरी रेकॉर्डिंग चालू असतानाच संपली होती आणि क्लिप नीट बंदच झाली नव्हती.

मीडिया काढूनही अडकत असेल तर प्रीमियर बंद ठेवून मीडिया कॅशच्या, म्हणजे प्रीमियरने फुटेजवरून बनवलेल्या तात्पुरत्या फाईलींच्या, फोल्डरमधला माल उडवा, तो प्रीमियर परत बनवतो, फक्त पहिल्यांदा उघडायला वेळ लागेल. मग ऑल्ट धरून, मॅकवर ऑप्शन धरून, प्रीमियर सुरू करा म्हणजे प्रेफरन्सेस रीसेट करायचं विचारेल. बाहेरून टाकलेली प्लगइन तात्पुरती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. रीसेट केल्यावर कीबोर्डचे शॉर्टकट आणि वर्कस्पेस जाऊ शकतात, म्हणून हे मी पहिल्या पायरीवर सांगत नाही, यूट्यूबवर मात्र सगळे इथूनच सुरुवात करतात.

आता फाईलचं पोट फाडायचं

इथून पुढे जरा हिंमत लागते, पण कॉपीवर करताय म्हटल्यावर भ्यायचं कारण नाही. प्रीमियरची प्रोजेक्ट फाईल म्हणजे जीझिप करून दाबलेला एक्सएमएल मजकूर असतो, बाकी काही जादू नाही. सेव्हन-झिप हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, फाईलवर राइट क्लिक करून ओपन आर्काइव्ह म्हणा.

उघडली आणि आतली फाईल बाहेर काढता आली तर अर्धी लढाई जिंकलात. ती नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, साध्या नोटपॅडमध्ये नको, मोठ्या फाईलला ते गुदमरतं. थेट शेवटी जा. शेवटच्या ओळीत तिरपी रेघ आणि "प्रीमियरडेटा" असा बंद करणारा टॅग असला पाहिजे. तो नसेल आणि मजकूर मध्येच तुटला असेल तर सेव्ह होत असतानाच काहीतरी झालंय. सेव्हन-झिप पण अशा वेळी "डेटा अचानक संपला" असं रडतं. हाताने टॅग बंद करून अशी फाईल जिवंत करायचा मी तीनदा प्रयत्न केलाय, तिन्ही वेळा वेळ वाया गेला, कारण टाइमलाइनचे तुकडे फाईलभर विखुरलेले असतात आणि एकमेकांचे नंबर धरून बसलेले असतात. पण त्यातून फाईलपाथ शोधून कुठल्या कुठल्या क्लिपा वापरल्या होत्या त्याची यादी मात्र निघते, आणि ८०० क्लिपांतल्या निवडलेल्या दीडशे कळल्या तरी पुष्कळ.

"नवीन व्हर्जन" वाला मेसेज असेल तर इथंच काम होतं. "प्रोजेक्ट ऑब्जेक्टआयडी" शोधा, त्याच ओळीत लांबलचक क्लासआयडीनंतर व्हर्जन आणि एक आकडा असतो, तो १ करा, सेव्ह करा, फाईलची शेपटी परत पीआरप्रोज करा आणि उघडा. त्याच्या वरच "ऑब्जेक्टरेफ" वाली एक ओळ असते, तिला हात लावू नका. नव्या व्हर्जनचे इफेक्ट जुन्यात येणार नाहीत, कट मात्र येतात.

आणि सेव्हन-झिपने "ही आर्काइव्ह नाहीच" म्हटलं तर कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाईलमधले कच्चे बाइट आकड्यांत दाखवणारं सॉफ्टवेअर) फाईल उघडा. पहिले दोन आकडे १एफ आणि ८बी असायला हवेत. त्याऐवजी वरपासून खालपर्यंत नुसते शून्य शून्य शून्य दिसले तर समजून जा. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा नुसता स्क्रोल करत बसलो होतो, ३१ एमबीची फाईल, तारीख बरोबर, नाव बरोबर, आत पांढऱ्या पडद्यावर शून्यांच्या ओळीच ओळी. यूपीएसची बॅटरी मेलेली होती आणि सेव्ह होतानाच लाईट गेली होती. विंडोज फाईलचं नाव आणि साइज आधी नोंदवून ठेवतं, खरा माल डिस्कवर पोचायच्या आत करंट गेला तर नुसतं टरफल उरतं. त्या फाईलमधून कुणीही काही काढू शकत नाही, पैसे घेऊन काढून देतो म्हणणारा पण नाही. तिच्यावर वेळ घालवू नका, ऑटो-सेव्हकडे परत जा.

थांबायचं कुठे

हार्ड डिस्क कट कट आवाज करत असेल, मध्येच गायब होत असेल, एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं घेत असेल, तर वरचं सगळं बंद. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टल डिस्क इन्फो लावून बघा, पिवळ्यात कॉशन आला तर चालतंय तोवर महत्त्वाचं आधी कॉपी करून घ्या, आणि आवाज येत असेल तर तेही नको, वायर काढा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. प्रोजेक्ट परत बनवता येतो, मंगलाष्टका परत शूट करता येत नाहीत. चेकडिस्क चालवू नका, निदान कॉपी झाल्याशिवाय तरी नाही, कारण त्याचं काम फाईलसिस्टिम सरळ करणं आहे, तुमच्या फाईली वाचवणं नाही. फाईल डिलीट झाली असेल तर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करू नका, नाहीतर जी जागा वाचवायचीय तिथंच ते जाऊन बसायचं. फिरत्या डिस्कवरून परत मिळायची आशा असते, एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेली जागा साफ करून टाकणारी सोय) चालू असेल तर फारशी नसते.

दुसरं थांबायचं ठिकाण म्हणजे सगळ्या फाईलींच्या शेपट्या बदलून काहीतरी अगम्य झाल्यात आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक टेक्स्ट फाईल पडलीये. हा रॅन्समवेअर. नेट काढा, बाकीच्या हार्ड डिस्क त्या मशीनला लावू नका, जाणकाराला बोलवा. "नो मोअर रॅन्सम" नावाचा युरोपोल वगैरेंनी २०१६ मध्ये सुरू केलेला फुकट उपक्रम आहे, तिथं काही प्रकारांच्या चाव्या मिळतात. फुकटात वापरायला सॉफ्टवेअरचा क्रॅक कुठून उतरवला होता ते मी विचारणार नाही.

रिझॉल्व्हवाल्यांचं वेगळं, तिथं प्रोजेक्ट म्हणजे सुटी फाईल नसते, लायब्ररीत असतो, म्हणून प्रोजेक्ट मॅनेजरमध्ये राइट क्लिक करून प्रोजेक्ट बॅकअप्स बघायचं, पण ते प्रेफरन्सेसमध्ये आधीपासून चालू असेल तरच. एडियसमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरातच ऑटो-सेव्ह आणि बॅकअपची फोल्डरं असतात, आपल्याकडे कित्येक जुने मिक्सिंगवाले अजून एडियसवरच आहेत आणि त्यांना ती माहीतच नसतात.

यातलं काहीच नाही जमलं तर माझा नियम दोन तासांचा. दोन तासांत नाही उघडलं तर परत एडिट करायला बसायचं, पण कोऱ्या पाटीपासून नाही. पार्टीला दाखवायला पाठवलेला व्हिडिओ व्हॉट्सअपवर असतोच की. तो प्रीमियरमध्ये टाका, राइट क्लिक करून सीन एडिट डिटेक्शन चालवा, तो प्रत्येक कटच्या जागी आपोआप चिरून देतो. वरच्या ट्रॅकवर तो ठेवा आणि खाली मूळ क्लिपा जुळवत चला, गाण्याचे ठोके आयतेच जुळतात. साडेचार मिनिटांचा हायलाइट मी असा एका रात्रीत परत उभा केलाय. पार्टीला काही कळलं नाही, फक्त नवरीच्या मामांनी विचारलं वरातीतला माझा नाच कमी केला का म्हणून. तो आधीपासूनच तेवढा होता.